रुपेरी पाहुणे

आमच्या कऱ्हाडच्या घरासमोर रात्री जी मालमोटार उभी असे, तिच्या तोंडावर एक चांदणी होती. गोल कड्यात बसवलेली, तीन पाकळ्यांची. आबा, म्हणजे माझे वडील, गुळाच्या ढेपा भरून मुंबईची खेप करीत. पहाटे निघताना ते आधी फडक्याने ती चांदणी पुसत, मग गाडीला हात जोडत आणि मग आत चढत. दसऱ्याला झेंडूची पहिली माळ चांदणीला आणि दुसरी घराच्या दाराला. "गाडी कुठली हो?" असे कुणी विचारले की आबा म्हणत, "मर्सडी." टाटांचे नाव मागाहून येई.

१९५४ साली टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्याने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला आणि ही चांदणी आपल्या घाटरस्त्यांवर आली, हे मला पुढे कळले. त्याच वर्षी त्याच चांदणीच्या रुपेरी मोटारी फ्रान्समध्ये शर्यतीला उतरल्या होत्या, हे तर फारच पुढे कळले. माझा पुतण्या पुण्याचा इंजिनिअर. तो स्टुटगार्टला नोकरीला गेला आणि एका उन्हाळ्यात त्याने मला तिथले मर्सिडीजचे संग्रहालय दाखवले. तिथे एका उताराच्या वळणावर जुन्या शर्यतीच्या मोटारी ओळीने मांडल्या आहेत. त्यांतल्या एका मोटारीपुढे माझे पाय थबकले. चारही चाके पोटात घेतलेली, माशासारखी निमुळती, डोळ्यांत भरणारी. पाटी वाचली. १९५४ आणि १९५५. दोनच वर्षे!

"इतकी नामी गाडी, मग बंद का केली रे?"

"जिंकले ना, काका. जिंकले आणि घरी गेले."

पुतण्याने हे इतक्या सहज सांगितले, की मला पुढे काही विचारता येईना. पण मला ते पटले नाही. हरलेला माणूस घरी जातो हे आपण पाहिले आहे. जिंकलेला का जाईल? तेव्हापासून या शर्यतींचा इतिहास वाचण्याचा मला छंद जडला. त्या छंदाचा हा फराळ. गोड किती आणि तिखट किती ते वाचकांनीच ठरवावे.

मोटारींची शर्यत हा मुळापासून कारखानदारांचा खेळ. विसाव्या शतकाच्या आरंभी गॉर्डन बेनेट नावाच्या करंडकासाठी देशादेशांत शर्यती होत. तिथे प्रत्येक देशाला तीनच मोटारी उतरवता येत. फ्रान्समध्ये मोटारींचे कारखाने उदंड होते. तिघांना संधी आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, हे त्यांना कसे रुचावे? त्यांनी आपली वेगळी चूल मांडली. तिचे नाव ग्रां प्री, म्हणजे मोठे बक्षीस. १९०६ च्या जूनमध्ये ल मां गावाजवळ, दोन दिवसांत मिळून बाराशे किलोमीटरांहून अधिक अंतराची ती पहिली शर्यत झाली आणि रेनो मोटारीवर फेरेन्क झिस हा हंगेरीत जन्मलेला गडी पहिला आला.

त्या पहिल्या शर्यतीतच पहिला नियम होता. मोटारीचे वजन हजार किलोंच्या वर नको. हेतू असा, की वजनाला लगाम घातला की इंजिन आपोआप बेताचे राहील. प्रत्यक्षात रेनोचे इंजिन तेरा लिटरांचे होते! हे लिटरांचे प्रकरण एकदा सांगून टाकतो. इंजिनातले दट्टे वरखाली होताना जेवढी जागा मोकळी होते, तेवढे त्याचे आकारमान. आबांच्या मालमोटारीचे इंजिन साधारण साडेचार लिटरांचे. त्यावर दहा-बारा पोती गूळ काय, अख्खी मालमोटार भरून ती खंबाटकी चढे. रेनोने त्याच्या तिप्पट इंजिन दोन माणसांना घेऊन पळण्यासाठी लावले होते.

१९०८ साली जर्मनीची मर्सिडीज आली आणि फ्रान्सच्या घरात फ्रान्सला हरवून गेली. तेव्हा फ्रेंच कारखानदारांच्या एकदम ध्यानात आले, की शर्यती फार खर्चाच्या असतात. (हरल्यावर हिशेबाच्या वह्या नेहमीच जाड दिसतात.) त्यांनी मिळून अंग काढून घेतले आणि पुढची तीन वर्षे ग्रां प्री झालीच नाही. यजमानच रुसून बसल्यावर पंगत कोण उठवणार? पुढे ती पुन्हा सुरू झाली. ४ जुलै १९१४ या दिवशी लिओंजवळ मर्सिडीजच्या मोटारी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. महिनाभरात तिथे हरलेले आणि जिंकलेले दोघेही खंदकांच्या वाटेला लागले. ४ जुलै ही तारीख तेवढी लक्षात असू द्यावी.

यापुढची वीस वर्षे मी ओलांडतो, कारण खरी मौज १९३२ पासून सुरू होते. तोवर मोटारी फारच धावू लागल्या होत्या. आंतरराष्ट्रीय मोटार मंडळाने विचार केला, की यांना आवरले पाहिजे, आणि फर्मान काढले: १९३४ पासून शर्यतीची मोटार कोरडी, म्हणजे इंधन, तेल, पाणी आणि टायर सोडून, साडेसातशे किलोंपेक्षा जड असता कामा नये. तर्क तोच जुना. हलकी मोटार मोठे इंजिन पेलणार नाही. म्हणजे वेग आपोआप उतरेल.

मुलाला शाळेच्या डब्याचे वजन ठरवून द्यावे आणि आत काय भरायचे ते सांगू नये, तसे हे झाले. मुलाने पोळीभाजी काढली आणि सगळा डबा बेदाणे-बदामांनी भरला. जर्मनीत नुकतेच हिटलरचे राज्य आले होते. त्या राजवटीला जगापुढे मिरवायला काहीतरी हवे होते. तिने मर्सिडीज आणि आउटो उनिओन या दोन कारखान्यांना पैसा दिला. त्यांच्या इंजिनिअरांनी सांगाड्यातले वजन काढले, हलके धातू आणले, चारही चाकांना स्वतंत्र झुलते टेकू दिले. आणि अशा रीतीने वाचवलेला एकेक किलो इंजिनात घातला. मर्सिडीजचे इंजिन १९३४ साली साधारण सव्वातीन लिटरांचे होते. १९३७ मध्ये ते साडेपाच लिटरांच्या वर गेले आणि त्याची ताकद सहाशे अश्वशक्तीला टेकली. वजन मात्र नियमाच्या आत! आबांची मालमोटार शंभराच्या आतबाहेर अश्वशक्तीची होती. आता कल्पना करावी, की साडेसातशे किलोंच्या गाडीला तसल्या सहा मालमोटारींचे बळ जोडले आहे आणि टायर आजच्या मानाने सायकलीसारखे अरुंद आहेत. वेग कमी करण्यासाठी केलेल्या नियमाने तोवरच्या सर्वांत भयंकर शर्यतीच्या मोटारी जन्माला घातल्या.

या मोटारींच्या रुपेरी रंगाची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मर्सिडीज तराजूवर चढवली, तर काटा ७५१ वर. जर्मनीचा रंग पांढरा. तेव्हा रातोरात तो पांढरा रंग खरवडून काढला, खालचा ॲल्युमिनियमचा पत्रा उघडा पडला, आणि 'रुपेरी बाण' हे नाव पडले. संघाचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउर ही हकिकत मोठ्या रंगाने सांगत. पुढच्या संशोधकांनी जुने कागद चाळले, तेव्हा ती शर्यत त्या वजनाच्या नियमाखाली झालीच नव्हती असे दिसले. असो. मला स्वतःला ही गोष्ट खोटी ठरलेली आवडत नाही. पण इतिहास म्हटला की आवडीला मुरड घालावी लागते.

इटालियन लोक या रुपेरी बाणांपुढे चार-पाच वर्षे हरत राहिले. १९३८ साली नियम बदलला, तरी हरले. मग त्यांनी एक डाव टाकला. लिबिया तेव्हा इटलीच्या ताब्यात होता आणि त्रिपोलीची शर्यत फार मानाची. सप्टेंबर १९३८ मध्ये इटालियनांनी जाहीर केले, की पुढच्या वर्षापासून आमच्या शर्यती दीड लिटरच्या छोट्या मोटारींसाठीच होतील. तसल्या मोटारी अल्फा रोमेओकडे होत्या, माझेरातीकडे होत्या; जर्मनांकडे एकही नव्हती. शर्यतीला उरले होते आठ महिने. एवढ्या वेळात कोरे इंजिन कागदावरही पुरे होत नाही.

७ मे १९३९. त्रिपोलीच्या आगीसारख्या उन्हात दोन कोऱ्या करकरीत मर्सिडीज येऊन उभ्या राहिल्या. इंजिन दीड लिटरला चमचाभर कमी! कारखान्याने आठ महिन्यांच्या आत, गाजावाजा न करता, दोन मोटारी घडवल्या होत्या. हेर्मान लांग पहिला आला, रुडोल्फ काराचिओला दुसरा. इटालियन मोटारींपैकी पहिली, एक अल्फा, तिसरी आली. त्या दोन मोटारी शर्यतीत पुन्हा कधी उतरल्या नाहीत. पाहुण्याने आपल्याच घरी येऊन आपल्याच पाटावर बसावे आणि आपल्यासाठीच केलेले ताट संपवून जावे, असा तो प्रकार. चार महिन्यांनी युद्ध पेटले आणि पुढची सहा वर्षे मोटारींच्या शर्यतीची कुणाला आठवण राहिली नाही.

त्रिपोलीत हरलेल्या त्या छोट्या अल्फांचे पुढे काय झाले, ते खरे पाहण्याजोगे आहे. या मोटारी मोदेना गावी एका माणसाच्या कार्यशाळेत घडल्या होत्या. त्याचे नाव एन्झो फेरारी. तो तेव्हा अल्फा कंपनीसाठी शर्यतीचा संघ चालवी. १९३९ साली कंपनीशी त्याचे बिनसले, तो बाहेर पडला. आणि चार वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचे नाही, अशी अट कंपनीने त्याच्यावर घातली. अल्फा युद्धाच्या काळात खेड्यापाड्यांत लपवून ठेवल्या होत्या, असे सांगतात. युद्ध संपल्यावर इटलीत भाकरीची भ्रांत होती. तरी त्या बाहेर निघाल्या. नव्या मोटारी बनवायला तेव्हा कुणापाशी काही नव्हते. म्हणून नियमच असा केला, की जे शिल्लक आहे ते चालेल: हवा कोंबणारा पंप, म्हणजे सुपरचार्जर, लावलेले दीड लिटरचे इंजिन, नाहीतर साधे, साडेचार लिटरांचे. त्रिपोलीचा फसलेला डाव दहा वर्षांनी असा फळाला आला.

१३ मे १९५० रोजी इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथे जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली. राजा सहावा जॉर्ज पाहायला आला होता. पहिली अल्फा, दुसरी अल्फा, तिसरी अल्फा. त्या वर्षी अल्फाने ज्या ज्या अजिंक्यपदाच्या शर्यतीत भाग घेतला, ती ती जिंकली. युद्धापूर्वी जे इंजिन दोनशेच्या आसपास अश्वशक्ती देई, तेच आता सव्वाचारशे देऊ लागले होते. पण म्हाताऱ्या बैलाला पेंड फार लागते. मेथनॉलमिश्रित इंधनाच्या एका लिटरमध्ये ती मोटार सुमारे अर्धा किलोमीटर जाई! शर्यतीत इंधन घ्यायला थांबावे लागे, एकदा नव्हे, दोनदा.

फेरारी हे पाहत होता. अट संपली होती. त्याने दुसरी वाट धरली, साध्या साडेचार लिटरांची. ताकद थोडी कमी, पण तहान बेताची. १४ जुलै १९५१ रोजी त्याच सिल्व्हरस्टोनला अर्जेंटिनाच्या होसे फ्रोइलान गोन्झालेस या धिप्पाड गड्याने फेरारीवर अल्फांना मागे टाकले. फेरारीला आनंद झाला, आणि त्याच वेळी आपण आपल्याच आईचा जीव घेतला असेही वाटले, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. मला यात नाटक दिसत नाही. ती मोटार त्याच्याच अंगणात जन्मलेली होती.

त्या वर्षीचे अजिंक्यपद शेवटच्या शर्यतीत, बार्सेलोनाला, अल्फाच्या हुआन मॅन्युएल फांजिओला मिळाले. फेरारीच्या संघाने टायर निवडण्यात चूक केली नसती तर बहुधा मिळाले नसते. अल्फाला कळून चुकले, की या मोटारीतला रस संपला. नवी करायची तर पैसा हवा. कारखाना सरकारी महामंडळाचा. सरकारने हात वर केले. अल्फा रोमेओ दोन अजिंक्यपदे खिशात घालून घरी गेली.

आता पंगतीत उरले कोण? फेरारी. आणि इंग्रजांची बी. आर. एम. ही मोटार, जिचा गवगवा मोठा आणि शर्यतीत टिकण्याची शाश्वती शून्य. एप्रिल १९५२ मध्ये तुरिनच्या शर्यतीला ती आलीच नाही, तेव्हा शर्यती भरवणाऱ्यांचा धीर सुटला. एकट्या फेरारीला पाहायला तिकीट कोण काढणार? त्यांनी ठरवले, की अजिंक्यपदाच्या शर्यती आता खालच्या वर्गाच्या, साध्या दोन लिटरच्या मोटारींनी खेळायच्या. निदान मैदान तरी भरेल! मैदान भरले; आणि आल्बेर्तो आस्कारी नावाच्या शांत, गोल चेहऱ्याच्या वीराने ती दोन्ही वर्षे जिंकली. मोटार अर्थात फेरारीच.

नियम बदलला म्हणून कारखाने उठून जातात, अशी आपली समजूत असते. येथे कारखाना उठून गेला म्हणून नियम बदलला. पाहुणा ताटावरून उठल्यावर यजमानीण स्वयंपाकच बदलते, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

यानंतर चांदणी परत आली. १९५४ साठी नवा नियम ठरला, साध्या अडीच लिटरांचा. तो दोन वर्षे आधी ठाऊक असल्याने मर्सिडीजने सावकाश आणि मन लावून तयारी केली. स्टुटगार्टला मी पाहिली ती हीच मोटार. हिच्या इंजिनाच्या झडपा स्प्रिंगने मिटत नसत. उघडायलाही यंत्र आणि मिटायलाही यंत्र. इंधन सुईने टोचावे तसे थेट सिलिंडरमध्ये. दिवस निवडला नव्हता, पण आला तो ४ जुलैचा. लिओंच्या विजयाला बरोबर चाळीस वर्षे! रँस गावी फांजिओ आणि कार्ल क्लिंग हे दोघे जोडीने, एकमेकांच्या शेजारून, शेवटची रेघ ओलांडून गेले. तिसरा गडी एक पूर्ण फेरी मागे होता. त्याच दिवशी दुपारी बर्न शहरात जर्मनीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. नऊ वर्षांपूर्वी राखेत गेलेल्या देशाच्या घराघरांत त्या रात्री काय झाले असेल!

मात्र ही माशासारखी मोटार सर्वगुणसंपन्न होती असे नाही. पंधरवड्याने सिल्व्हरस्टोनला फांजिओला आपलीच चाके दिसेनात. वळणावर मांडलेल्या पिंपांना तो धडकत राहिला आणि चौथा आला. मग चाके उघडी असलेले दुसरे अंग तिला दिले. दोन वर्षांत अजिंक्यपदाच्या बारा शर्यती आणि नऊ विजय. जुलै १९५५ मध्ये लिव्हरपूलजवळ एन्ट्री येथे तर पहिले चारही क्रमांक यांचेच.

आणि या सगळ्याच्या मध्ये ११ जून १९५५ ची संध्याकाळ आहे.

ल मां येथे चोवीस तास चालणारी शर्यत भरते. ही ग्रां प्री नव्हे. ही दोन आसनी क्रीडामोटारींची. त्यातही मर्सिडीज होती. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, मोटारी दुरुस्तीसाठी थांबतात त्या ओट्यांसमोर, माइक हॉथॉर्नने आपली जॅग्वार थांबवण्यासाठी ब्रेक दाबला. मागून येणारा लान्स मॅकलिन त्याला चुकवायला बाजूला सरकला. त्याच्या मागून पिएर लव्हेग हा पन्नाशीला आलेला फ्रेंच चालक दीडशे मैलांच्या वेगाने येत होता. त्याची मर्सिडीज मॅकलिनच्या उतरत्या पाठीवरून उडाली आणि बांधावर आदळली. बांधापलीकडे माणसे दाटीने उभी होती; बायका, मुले, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरे. मोटारीचे इंजिन आणि पुढची चाके सुटून त्या गर्दीतून गेली. अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे. ते पेटले आणि पाण्याने विझेना. लव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक ठार झाले. फांजिओ त्याच्या मागोमाग होता. तो केवळ दैवाने त्यातून पार झाला.

शर्यत थांबवली नाही. लाखो लोक एकदम रस्त्यावर आले असते तर रुग्णवाहिकांना वाट मिळाली नसती, असे कारण सांगितले गेले. ते खरेही असेल. पण त्या रात्री दिव्यांच्या झोतात मोटारी घुमत होत्या आणि बांधामागे चादरी पसरल्या जात होत्या, हे चित्र मनातून जात नाही. स्टुटगार्टहून हुकूम आला आणि मध्यरात्र उलटल्यावर मर्सिडीजने आपल्या उरलेल्या मोटारी बोलावून घेतल्या. त्यांतली एक तेव्हा सर्वांच्या पुढे होती. हॉथॉर्नची जॅग्वार शेवटी पहिली आली.

फ्रान्स, जर्मनी, स्पेन आणि स्वित्झर्लंड, या चार देशांच्या त्या वर्षीच्या ग्रां प्री रद्द झाल्या. स्वित्झर्लंडने तर पुढे गोल मार्गावरच्या शर्यतींना कायद्यानेच बंदी केली आणि ती कित्येक दशके टिकली. एका चालकाची चूक होती की दुसऱ्याची, यावर पुस्तके लिहिली गेली. माझ्या अडाणी मताने चूक मार्गाची होती. १९२३ पासून वापरात असलेला तो रस्ता अरुंद, ओट्यांना आडोसा नाही, आणि मोटारींचा वेग मात्र कितीतरी वाढलेला. इंजिन किती लिटरचे असावे यावर मंडळींनी तीस वर्षे कागद रंगवले. बांधामागच्या माणसाला मापायचे राहून गेले.

बहुतेक लोक समजतात, की ल मांच्या धक्क्याने मर्सिडीज शर्यती सोडून गेली. मीही तसेच समजत होतो. पण अपघातानंतर चारच महिन्यांनी, १६ ऑक्टोबरला, तिने सिसिलीतली तार्गा फ्लोरिओ जिंकली आणि क्रीडामोटारींचे अजिंक्यपदही मिळवले. मग २२ ऑक्टोबर १९५५ रोजी स्टुटगार्टच्या कारखान्यात समारंभ झाला. कंपनीने सांगितले, की आमचे हुशार कारागीर आता रोजच्या विक्रीच्या मोटारींकडे हवे आहेत. चालकांच्या साक्षीने रुपेरी मोटारींवर पांढरी कापडे घातली गेली. त्याचे छायाचित्र आहे. मला ते पाहताना घरात कुणी गेल्यावर आरशावर टाकलेल्या कापडाची आठवण होते, आणि तिथले लोक तर हसतमुख दिसतात! पुतण्या म्हणाला ते खरे होते. ज्यासाठी आले होते ते मिळाले. दुकानाची पाटी उजळली. आता दुकानात बसायचे.

ज्यांना दुकान नव्हते, त्यांचे काय? त्याच १९५५ च्या मे महिन्यात आस्कारी मोंझा येथे सरावात मरण पावला. त्याच्या जिवावर लान्चिआ कारखान्याने शर्यतीचा डोलारा उभा केला होता आणि तिजोरीत खडखडाट होता. जुलैमध्ये लान्चिआने आपल्या सगळ्या शर्यतीच्या मोटारी, सुट्या भागांसकट, फेरारीच्या हवाली केल्या. १९५६ साली फांजिओ याच मोटारींवर अजिंक्य ठरला. १९५७ साली माझेरातीने अजिंक्यपद मिळवले आणि कर्जापायी तीही उठली. अल्फा गेली, मर्सिडीज गेली, लान्चिआ गेली, माझेराती गेली. फेरारी तेवढा राहिला. त्याला जायला दुसरे घरच नव्हते. इतर कारखाने मोटारी खपाव्यात म्हणून शर्यती खेळत. हा शर्यती खेळता याव्यात म्हणून मोटारी विकी.

रिकाम्या पाटांवर कोण येऊन बसले, तेही थोडक्यात सांगतो. १९५८ साली नियमाने मद्यार्काचे इंधन बंद करून विमानाचे पेट्रोल आणले आणि शर्यतीची लांबी कमी केली. मोठ्या इंजिनांची पंचाईत झाली आणि लंडनच्या उपनगरातल्या कूपर बापलेकांच्या गॅरेजातली, इंजिन पाठीशी बांधलेली चिमुकली मोटार पुढे आली. जानेवारीत बुएनोस आयर्सला स्टर्लिंग मॉस ती घेऊन उतरला. इंजिन दोन लिटरांचेही पुरते नाही. चाके बोल्टांनी बसवलेली. टायर बदलायला थांबला की शर्यत गेली, हे सर्वांना ठाऊक. त्याच्या कारागिरांनी टायर काढून मांडून ठेवण्याचे सोंग केले. फेरारीवाले निर्धास्त राहिले, की हा आता थांबेल, मग थांबेल. तो थांबलाच नाही! टायरांचे सूत बाहेर आले, आणि अडीच-तीन सेकंदांनी तो जिंकला. पुढच्या दोन वर्षांत अजिंक्यपद कूपरचे. इंजिन मागे ठेवण्याची युक्ती मात्र आउटो उनिओनने वीस वर्षे आधी केली होती. त्याचे कुणाला स्मरण राहिले नाही.

तेव्हापासून ये-जा चालूच आहे. जपानची होंडा आली, गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. डिसेंबर २००८ मध्ये जगभर मंदीचा वणवा पेटला असताना होंडाने एकाएकी संघ बंद केल्याचे जाहीर केले. इंग्लंडातल्या ब्रॅकली गावच्या कार्यशाळेत शेकडो माणसे ऐन नाताळच्या तोंडावर हवालदिल झाली. पण पुढच्या वर्षासाठी नियम बदलले होते, आणि होंडाच्याच पैशाने त्या नव्या नियमांची मोटार अर्धीअधिक तयार होती. संघाचा प्रमुख रॉस ब्रॉन याने तो संघ एका पौंडाला घेतला. एका पौंडाला! कित्येकांना नोकरी गमवावी लागली. जे राहिले त्यांनी उसन्या मर्सिडीज इंजिनावर मोटार उभी केली. तिच्या पोटाखालून हवा बाहेर काढण्याच्या वाटेत नियमातली एक फट नेमकी पकडली होती. जेन्सन बटनने पहिल्या सात शर्यतींतल्या सहा जिंकल्या आणि अजिंक्यपद मिळवले. होंडाने पेरले, दुसऱ्याने कापले.

नोव्हेंबर २००९ मध्ये हा संघ विकला गेला. घेणारी कंपनी डाइमलर. १९५५ साली कापड घातलेली चांदणी २०१० साली, पंचावन्न वर्षांनी, दुसऱ्याच्या माघारीच्या वाटेने परत आली. २०१४ साली विजेची जोड असलेल्या लहान इंजिनांचा नियम आला आणि तिने ओळीने आठ वर्षे संघांचे अजिंक्यपद सोडले नाही. २०२२ साली नियम पुन्हा बदलला. मालिका तुटली.

आमच्याकडच्या चांदणीची मुदत १९६९ साली संपली. करार सरला; नव्या मालमोटारींच्या तोंडावर टाटांचे इंग्रजी टी अक्षर आले. आबांना कुणीतरी म्हणाले, "आता तुमची मर्सडी नाही राहिली." आबा म्हणाले, "घाट चढते ना?" आणि विषय संपवला. आठ-दहा वर्षांनी ती गाडी मोडीत निघाली, तेव्हा त्यांनी पान्हा घेऊन चांदणी स्वतःच्या हाताने उतरवली. ती आमच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात असते.

गेल्या दिवाळीत पुतण्या आला होता. जुनी वस्तू, तिकडे तिला फार मोल आहे, स्टुटगार्टला नेतो म्हणाला. मी नाही दिली. पाडव्याला घासूनपुसून पुन्हा कोनाड्यात ठेवली आणि झेंडूचे एक फूल वाहिले.